एफओएसची तपासणी झालीच नाही म्हणे!

एफओएसबद्दल (फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, साखरेपासून केलेला कमी गोड पदार्थ) सध्या एक संदेश फिरतोय: ‘शुगर-फ्री मिठाईतलं एफओएस हे बुरशीपासून केलेलं रसायन. त्याची तपासणी कधी झाली नाही, उंदरांना त्याने गाठी झाल्या, तरी मधुमेहींना बिनधास्त विकतात.’ तपासणीच झाली नसेल, तर उंदरांच्या गाठी मोजल्या कोणी?

बुरशीचं म्हणाल तर, साखरेच्या पाकात ॲस्परजिलस बुरशीचं एन्झाइम घालतात. ते सुक्रोजच्या (म्हणजे साध्या साखरेच्या) रेणूला एक ते तीन जादा फ्रुक्टोज जोडतं. तयार होणारे केस्टोज, निस्टोज कांदा-लसणातही असतात.

तपासण्यांची सुरुवात 1980च्या दशकात जपानी मालावर झाली. उंदीर-घुशींना एकाच वेळी दर किलो वजनामागे 9 ग्रॅम देऊनही ते मेले नाहीत. जनुकीय बदल शोधणाऱ्या चाचण्यांत, जिवाणूंवर केली जाणारी एम्स चाचणी धरून, दोष आढळला नाही.

गाठींची गोष्ट दोन वर्षांच्या चाचणीतली. फिशर 344 जातीच्या प्रयोगशाळेतल्या घुशींच्या (रॅट; संदेशात यांनाच ‘उंदीर’ म्हटलंय) खाद्यात 0.8, 2 आणि 5 टक्के एफओएस होतं. सर्वांत मोठ्या मात्रेत नराच्या पोटात रोज किलोमागे सुमारे 2.2 ग्रॅम जात होतं. 60 किलोच्या माणसाच्या हिशेबाने 130 ग्रॅम. नरांमध्ये पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीच्या) गाठी मात्रेबरोबर वाढताना दिसल्या, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण या जातीच्या म्हाताऱ्या घुशींना त्या एरवीही भरपूर होतात. दिसलेलं प्रमाण त्या नेहमीच्या पट्ट्यातच होतं आणि माद्यांमध्ये तशी वाढ नव्हती. म्हणून तज्ज्ञांनी त्याला कर्करोगाचा पुरावा मानलं नाही. संदेशात नेमका हाच भाग गाळलाय.

मधुमेहींबद्दल मात्र संदेश अर्धा बरोबर आहे, फक्त कारण भलतंच देतो. अभिक्रियेत सुटणारं ग्लुकोज एन्झाइमलाच अडवतं, त्यामुळे शुद्ध न केलेल्या पाकातल्या घन भागात एफओएस 55-60 टक्केच असतं. उरलेलं बहुतेक ग्लुकोज आणि साखर. शुद्ध केलेल्या पावडरीत ते 95 टक्क्यांपर्यंत जातं. दोन्ही ‘एफओएस’च्याच नावाने मिळतात. शिवाय गोडी साखरेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच, म्हणून हात सैल सुटतो. वेष्टनावर ‘साखर’ हा आकडा वाचा, ‘शुगर-फ्री’ हा शब्द नव्हे. आंबट पाकात ते बराच वेळ उकळलं तर तुटून पुन्हा साधी साखर होते, हेही लक्षात असू द्या.

खरा त्रास पोटाचा. ते लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात आंबतं. जपानी चाचण्यांत जुलाब न होण्याची मर्यादा पुरुषांत किलोमागे 0.3 आणि स्त्रियांत 0.4 ग्रॅम निघाली. 60 किलोला 18 ते 24 ग्रॅम. गॅस त्याआधीच सुरू होतो. अमेरिकेच्या एफडीएपुढे (अन्न-औषध नियामक संस्था) 2000 साली आलेल्या, हा पदार्थ सुरक्षित असल्याचं कंपनीने कळवणाऱ्या नोटिशीतही मोठ्यांसाठी दिवसाला 20 ग्रॅमच होते, आणि त्यावर एफडीएने प्रश्न उपस्थित केला नाही (याला ‘मंजुरी’ म्हणणारेही चुकतात). आयबीएस (आतड्याचा वारंवार पोट बिघडवणारा विकार) असेल तर याहून कमी मात्राही जड जाते. सवय नसेल तर दिवसाला 3-4 ग्रॅमपासून सुरू करा आणि एका बैठकीत सगळं घेऊ नका.