मारोती नावाच्या पोराचं लग्न जुळत नाही म्हणे

परवा सकाळी सहालाच बाईचा फोन आला. बाई म्हणजे माझी मोठी बहीण, दारव्हा तालुक्यात दिलेली. "भाऊ, बायोडाट्यावरचं नाव बदललं तरी नाही जुळलं रे. आता गॅझेटातच बदलून घेतो. तू मले अर्ज लिहून दे." आणि ती रडायला लागली.

कसलं नाव, कसला अर्ज, मला काही कळेना. मग तिनं तो मेसेज पाठवला. दिवाळीपासून नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय म्हणे. 'मुलाचे नाव मारोती असेल तर आजच बदला.' खाली पाच कारणं. मारोतीचा अर्थ मार खाणारा. ब्रह्मचारी देवाचं नाव, म्हणून त्या मुलाचं लग्न जुळत नाही. 'मारोती' हा अडाणी लोकांनी केलेला अपभ्रंश आणि अंकशास्त्राप्रमाणे त्यातल्या 'ओ'मुळे नावाचा अंक बिघडतो. सकाळी हे नाव घेतलं तर त्या दिवशी अन्न मिळत नाही, असं तुलसीदासांनीच लिहून ठेवलंय. आणि हे नाव आता गाडीचं झालं, माणसाचं राहिलं नाही. शेवटी 'अकरा जणांना पाठवा'. बाईनं पाठवलाही.

माझा भाचा मारोती २९ वर्षांचा आहे. आजोबाचं नाव नातवाला ठेवलं. सहा एकर कोरडवाहू, बारावी झालेला, व्यसन नाही. तीन वर्षांपासून त्याच्यासाठी मुलगी पाहणं सुरू आहे. मी ३२ वर्षं शाळेत मराठी-संस्कृत शिकवलं आणि माझ्याच बहिणीच्या घरात असला मेसेज खरा ठरतो, हे मला सहन होत नाही. म्हणून हे लिहितोय. ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांनी हेही वाचावं.

आधी अर्थाचं. 'मारोती'त 'मार' दिसतो म्हणून तो मार खाणारा, ही व्युत्पत्ती नव्हे. मरुत म्हणजे वारा. त्यावरून मारुत, आणि मारुताचा मुलगा तो मारुती. दशरथाचा दाशरथी, तसा मारुताचा मारुती. आठवीच्या पोरालाही हे समजतं.

मार लागल्याची गोष्ट आहे, नाही असं नाही. पण ती 'हनुमान' या नावाची आहे. वाल्मीकी रामायणाच्या किष्किंधाकांडातला ६६ वा सर्ग काढून पाहा. समुद्र कसा ओलांडायचा म्हणून सगळे वानर हात टेकून बसलेत. हनुमानही गप्प बसलाय. तेव्हा जांबवान त्याला त्याच्या जन्माची गोष्ट सांगतो. लहानपणी तू उगवता सूर्य फळ समजून झेपावलास, इंद्रानं वज्र मारलं, डाव्या बाजूची हनू, म्हणजे हनुवटी, मोडली, म्हणून तुला हनुमान म्हणतात. लेकराला मारलं म्हणून वायू रागावला आणि तिन्ही लोकांत वाहायचा थांबला. देवांना त्याची समजूत काढावी लागली, वर द्यावे लागले. म्हणजे ज्या नावात जखमेची आठवण आहे ते हनुमान, आणि ज्या नावात बाप पाठीशी उभा आहे ते मारुती. मेसेज लिहिणाऱ्यानं एका नावाची गोष्ट दुसऱ्याच्या माथी मारली. शिवाय जांबवान ही गोष्ट खच्ची करायला सांगत नाही. बसलेल्याला उठवायला सांगतो, आणि तो उठतो.

आता लग्नाचं. माझा खरा राग इथं आहे.

मारुती हे फक्त हनुमानाचं नाव नाही. भीमही वायूचाच मुलगा, महाभारतात त्यालाही मारुती म्हटलंय. वनपर्वात दोघं भेटतात तेही भाऊ म्हणून. त्या भीमाची लग्नं मोजा. हिडिंबा, द्रौपदी आणि काशीची बलंधरा. घटोत्कच, सुतसोम ही त्याची मुलं. आणि भीम काही आपल्याला परका नाही. चिखलदऱ्याला गेलेला प्रत्येक जण भीमकुंड पाहून येतो. कीचकाला मारून भीमानं त्याच दरीत टाकलं आणि कीचकदऱ्याचं चिखलदरा झालं, ही गोष्ट आपल्याकडे लहान लेकरांनाही माहीत असते. नावानंच लग्न अडत असतं तर भीमाचं आधी अडलं असतं.

पुराणं सोडा. मारोतराव कन्नमवार चांदा जिल्ह्यातले. यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेल्यावर नोव्हेंबर १९६२ मध्ये ते महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री झाले आणि वर्षभरानं, पदावर असतानाच गेले. विदर्भातल्या गरीब घरातला माणूस, नाव मारोतराव, 'ओ'सकट. आणि संसारी गृहस्थ. त्यांना कोणी नाव शुद्ध करून या म्हटलं नाही. 'अडाणी अपभ्रंशा'चं उत्तरही त्यातच आलं. आमच्या तोंडी मारोती आहे, पुस्तकात मारुती आहे, दोन्ही बरोबर. अंकांचं तर बोलूच नये. ते गणित इंग्रजी अक्षरांना आकडे लावून करतात. आमच्या मारोतीच्या बारशाला पाळण्याशी इंग्रजी अक्षर कोणी काढलं होतं?

मग पोरांची लग्नं का जुळत नाहीत? गावात फिरा, कळेल. आमच्या गावात तिशी ओलांडलेली अविवाहित पोरं आहेत आणि त्यात प्रतीक आहे, स्वप्निल आहे, वैभव आहे. त्यांची नावं तर नवी आहेत ना? २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. माझा भाचा त्याच वयोगटातला. ज्या मुली जन्मूच दिल्या नाहीत त्या आज बायोडाट्यात कुठून येणार? त्यावर शेतीचा हाल. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याच्या खाली गेला. मुलीचा बाप हे पाहतो. तो नोकरी विचारतो, पुण्यात फ्लॅट विचारतो. त्याचं मला पूर्ण पटत नाही, पण तो वेडा नाही. ही सगळी कारणं पुसून टाकून 'आईनं नाव चुकीचं ठेवलं' असं सांगणं म्हणजे एका बाईच्या डोक्यावर साऱ्या जिल्ह्याचं ओझं ठेवणं आहे.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागते. नावाचा पहिला ठसा पडतो. मारोती म्हटलं की शहरातल्या मुलीच्या डोळ्यांपुढे धोतर-टोपीतला म्हातारा येतो. तिची त्यात चूक नाही, तिनं त्या नावाचे आजोबाच पाहिलेत. फोन न करताच बायोडाटा बाजूला ठेवला, असंही झालं असेल. पण तो ठसा दहा मिनिटांच्या बोलण्यात जातो. खोटेपणाचा जात नाही.

तेच झालं. बाईनं मला न विचारता बायोडाट्यावर 'मानव' छापलं. फाल्गुनात मुलीकडचे घर पाहायला आले. चहा-पोहे झाले, पसंतीच्या गोष्टी निघाल्या. तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्यानं कुंपणावरून हाक मारली, "अबे मारोत्या, मोटर बंद कर!" पोरगा सवयीनं 'हाव बाबा' म्हणत उठला. मुलीच्या मामानं शाळेची टीसी पाहायला मागितली. दोन दिवसांनी निरोप आला की जे नाव खोटं सांगतात, ते एकरही खोटे सांगत असतील. तो मामा माझ्या दृष्टीनं चुकला नाही. हे लग्न मारोतीनं मोडलं नाही, मानवनं मोडलं.

आता गॅझेटात बदलायचं म्हणते. बाई, मग आधार बदल, बँकेचं पासबुक बदल, सातबारा बदल, पीककर्जाचे कागद बदल. पीएम-किसानचे वर्षाचे सहा हजार तीन हप्त्यांत येतात. आधारावर एक नाव आणि सातबाऱ्यावर दुसरं झालं की ते अडकतात. मग तलाठ्याकडे आणि सेतूत खेटे कोणी घालायचे? मेसेज लिहिणारा येणार आहे का?

तुलसीदासांची ओळ आहे. मी नाकारत नाही. सुंदरकांडात लंकेत बिभीषण भेटतो. राक्षसकुळातल्या माझ्यावर राम कृपा करील का, अशी त्याला शंका आहे. त्याला धीर द्यायला हनुमान म्हणतो, मी तरी कुठला मोठा कुलीन? चंचल वानर मी, सकाळी आमचं नाव घेणाऱ्याला त्या दिवशी जेवण मिळत नाही. आणि लगेच पुढे म्हणतो, अशा माझ्यावरही रघुवीरानं कृपा केली. समोरच्याला मोठं करण्यासाठी स्वतःला लहान करून बोललेलं वाक्य आहे ते. मागचं-पुढचं कापून त्याचा शाप करणारा माणूस भक्त असूच शकत नाही.

गाडीचं दोन ओळींत. मारुती उद्योग १९८१ ची कंपनी, पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली. कन्नमवार त्याच्या वीस वर्षं आधी गेले होते. नाव देवाकडून गाडीकडे गेलंय.

आणि या नावाचा माणूस मागासच असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी मारुती चितमपल्लींचं काम पाहावं. जन्म सोलापूरचा, पण आयुष्य नवेगावबांध, नागझिरा, मेळघाटच्या जंगलांत वनाधिकारी म्हणून गेलं. पक्षिकोश केला, २००६ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५ साली पद्मश्री मिळाली. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' आणि बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' हे शब्द मराठीला त्यांनी दिले. माझ्या वर्गात मी ते दरवर्षी फळ्यावर लिहायचो, खाली त्यांचं नाव लिहायचो, आणि वर्गात एखादा मारोती असला तर तो त्या दिवशी ताठ बसायचा.

काल दारव्ह्याला जाऊन बायोडाटा नव्यानं टाइप करून आणला. नाव मारोती. शेती सहा एकर कोरडवाहू, विहीर एक, पाणी फेब्रुवारीपर्यंत. विहिरीची ओळ बाईला नको होती, मी ठेवली. फाल्गुनातल्या त्या मामालाही एक प्रत पाठव म्हटलं तर ती गप्प राहिली. रात्री भाच्याचा फोन आला, "मामा, मीच पाठवली."