चिलरच्या ट्यूबा आणि गुरुवारचा मुहूर्त

चिलर म्हणजे कंपनीला गार पाणी देणारं मशीन आणि कंडेन्सर म्हणजे त्यातली उष्णता बाहेर टाकणारा भाग: ट्यूबांच्या आतून पाणी, बाहेरून गॅस. या चिलरच्या कंडेन्सरच्या ट्यूबा घासायला एक दिवस पुरतो. ट्यूबांपर्यंत पोचायला मात्र अख्खा उन्हाळा जातो, कारण वाटेत प्रॉडक्शन, पर्चेस, स्टोअर आणि टँकरवाला असे चार टोलनाके लागतात.

"मशीन पाणी गार करतंय ना? मग उघडायचं कशाला?" हा पहिला नाका. यावर भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कुठल्याही युटिलिटीवाल्याकडे (कंपनीतली वीज, पाणी, हवा सांभाळणाऱ्याकडे) उत्तर नाही, कारण मशीन खरंच गार करत असतं. ७ अंशाचं पाणी मागा, ७ चंच मिळतं. ते देताना कॉम्प्रेसरला धाप लागते, पण धाप विजेच्या बिलात ऐकू येते, लाइनवर नाही. कंडेन्सिंग तापमान १ अंशाने चढलं की कॉम्प्रेसर साधारण २ ते ३ टक्के वीज जास्त खातो.

मळ बघायचा असेल तर मशीन उघडावं लागत नाही, लॉगशीटमधला ॲप्रोचचा रकाना बघावा लागतो. कंडेन्सरच्या प्रेशरवरून गॅसचं तापमान काढायचं आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान वजा करायचं. चांगल्या मशीनचा ॲप्रोच पूर्ण लोडवर १-२ अंश असतो. ४-५ झाला की ट्यूबा बोलावताहेत असं समजावं. वाचन पूर्ण लोडचंच हवं. निम्म्या लोडवर मळकं मशीनही पाहुण्यांसमोर बसल्यासारखं शहाण्यासारखं वागतं. आणि कंडेन्सरच्या आत-बाहेरच्या पाण्यातला फरक ५ वरून ८ वर गेला असेल, तर आधी स्ट्रेनर, म्हणजे पाइपातली गाळणी, उघडा. तिथे पाणीच कमी पडतंय. अडचण एवढीच, की आमच्या बऱ्याच लॉगशीटमध्ये हा रकाना महिनाभर १.५ असतो. मशीन बंद असलेल्या दिवशीसुद्धा.

आता टँकरवाला. कंडेन्सरचं पाणी गार व्हायला कूलिंग टॉवरवर उघड्यावर फिरतं. २०० टनाच्या (हे टन वजनाचे नाहीत, गारव्याच्या क्षमतेचे) मशीनला पूर्ण लोडवर तासाला हजार-अकराशे लिटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं. वाफ शुद्ध, क्षार सगळे मागे. म्हणून थोडं पाणी सतत सोडून द्यायचं असतं, त्याला ब्लोडाऊन म्हणतात. एप्रिलमध्ये बोअर आटते, टँकर सुरू होतात, आणि कुणीतरी हुशार माणूस पाणी वाचवायला ब्लोडाऊनचा व्हॉल्व्ह बंद करतो. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं, हे आणणाऱ्यालाही माहीत नसतं. कॅल्शियम कार्बोनेटची खोड अशी, की ते गरम पाण्यात कमी विरघळतं. त्यामुळे ते बाकी सगळं सोडून नेमकं ट्यूबच्या गरम भिंतीवर बसतं. तांब्यातून उष्णता या खारापेक्षा शंभरपटीहून सहज जाते. म्हणजे महागडी तांब्याची ट्यूब घ्यायची आणि आतून तिला चुन्याचं अस्तर लावायचं.

मग एखाद्या दमट दुपारी मशीन एचपीवर, म्हणजे गॅसचं प्रेशर फार चढल्याने, ट्रिप होतं, रिसेट केलं की पुन्हा ट्रिप होतं, आणि काल "कशाला" विचारणारे आज "अजून का नाही?" विचारतात. मुहूर्त निघतो गुरुवारचा. पुण्यात देखभालीसाठी वीज जाते तीही गुरुवारी आणि नळ बंद असतात तेही बहुधा गुरुवारीच. ब्रशच्या मशीनला दोन्ही लागतात, त्यामुळे डीजी (डिझेल जनरेटर) आणि भरलेली टाकी बुधवारीच बघून ठेवलेली बरी.

एंड कव्हर, म्हणजे कंडेन्सरच्या टोकाचं झाकण, काढायच्या आधी पंपाचे ब्रेकर लॉक करा, पाणी पूर्ण काढा. बटरफ्लाय व्हॉल्व्हवर विश्वास ठेवू नका. बंद केलेला बटरफ्लाय थोडंसं पाणी देतोच, तेही फिटरच्या बाहीत. कव्हर कुठल्या बाजूने वर होतं याची पंचने खूण करा, चेन पुली लावा, बोल्ट समोरासमोरचे सैल करा. हे सगळं करायला कव्हरसमोर जागा हवी. ट्यूबच्या लांबीएवढी जागा ड्रॉइंगमध्ये सोडलेली असतेच, पण कुठल्याही कंपनीत मोकळी जागा फार दिवस मोकळी राहत नाही. तिथे जुनी कपाटं, पत्रे आणि कंपनीच्या गणपतीचं मखर उभं असतं. खंडेनवमीला याच कव्हरला झेंडूचा हार घालतात, ब्रश मात्र घालत नाहीत.

कव्हर उघडलं की इतके दिवस आत काय साचत होतं ते कळतं: ट्यूबांच्या तोंडाशी टॉवरच्या फिलचे (पाणी पसरवणाऱ्या प्लास्टिकच्या जाळीचे) तुकडे, शेवाळ आणि कबुतराची पिसं. पुण्यात कबुतरांना दाणे टाकणारे खूप आणि टॉवरच्या बेसिनची जाळी शिवणारे कमी. उघडल्यावर जेवायला जाऊ नका. खार ओला असतो तोवर सुटतो. वाळला की दगड.

आतून आटे पाडलेल्या ट्यूबला नायलॉनचाच ब्रश, आतल्या व्यासापेक्षा किंचित मोठा. सैल ब्रश फिरतो छान, घासत काही नाही. स्टीलच्या तारेचा ब्रश आटेच खाऊन टाकतो. हाताने रॉड मारत असाल तर ब्रश दुसऱ्या टोकातून पूर्ण बाहेर पडल्याशिवाय मागे ओढू नका, नाहीतर केस उलटतात आणि ब्रश मध्येच बसतो. घासल्यावर प्रत्येक ट्यूबमधून पाणी मारा आणि झालेल्या रांगेला खडूने खूण करा. चहाच्या आधी कुठली रांग झाली होती यावर दोन हेल्परांचं एकमत होत नाही.

ब्रशने न निघणारा खार असला तर कव्हर लावून डिस्केलिंग, म्हणजे ॲसिडने खार विरघळवणं. सल्फॅमिक ॲसिड, इनहिबिटर (धातूला ॲसिडपासून वाचवणारं रसायन) घातलेलं, ५ ते १० टक्के. खालून आत, वरून परत ड्रममध्ये. ड्रमचं झाकण उघडं ठेवा, कारण फेसाबरोबर कार्बन डायऑक्साइड निघतो. गॉगल आणि हातमोजे घालूनच उभे राहा. पीएच चढत राहिला तर खार अजून आहे, ॲसिड वाढवा. स्थिर झाला की थांबा. "जरा अजून फिरू द्या साहेब, स्वच्छ होईल" असं कुणी म्हटलं तर पंप स्वतः बंद करा. पाणी हिरवट-निळं दिसलं तर आता खार नाही, तांबं निघतंय. शेवटी सोडा ॲशने उदासीन करून भरपूर धुवा. पर्चेसने स्वस्त म्हणून फरशीचं ॲसिड आणलं असेल, तर ते संडासातच वापरा.

जोडताना सगळ्यात मोठी चूक गॅस्केटची. पाण्याचे पास (ट्यूबांमधून जाण्याची आणि परतण्याची फेरी) वेगळे करणारी मधली पट्टी स्टोअरच्या शीटमधून कापताना हटकून विसरली जाते. मग पाणी पहिल्या पासमधून थेट दुसऱ्यात पळतं: ट्यूबा आरशासारख्या आणि ॲप्रोच पाहिला तर जुनाच. मग पुन्हा चेन पुली, पुन्हा मखर हलवा.

चालू केल्यावर वरचा व्हेंट उघडून हवा काढा, बोल्ट एकदा पुन्हा फिरवा आणि दुसऱ्या दिवशी वाय-स्ट्रेनर उघडा. बेसिन आणि पाइपातून सुटलेला गाळ तिथेच अडकलेला असतो. प्रॉडक्शनला सांगू नका. पंप बंद, स्ट्रेनर साफ, चालू, पंधरा मिनिटांचं काम. सांगितलंत तर गेट पास, मीटिंग आणि पुढचा गुरुवार.