‘स्कॉटलंडमध्ये दारूची किमान किंमत फसली’: या दाव्यात खरं किती, खोटं किती

२०२५च्या जूनमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवायचा निर्णय घेतला, तेव्हापासून एक मजकूर मराठी गटांमध्ये सारखा फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: स्कॉटलंडने २०१८ साली दारूची किमान किंमत कायद्याने ठरवली, तरी तिथे दारूने मरणारे वाढलेच. अट्टल पिणाऱ्याने दारू सोडली नाही, उलट घरच्यांच्या तोंडचा घास काढला. गरीब भरडला गेला, श्रीमंताला झळ लागली नाही. सरकारने तिजोरी भरली. आणि ज्यांना परवडेना ते विषारी दारूकडे वळले. तेव्हा किंमत वाढवून व्यसन कमी होतं, हे थोतांड आहे.

हा मजकूर लोकांना पटतो, कारण त्यातली काही वाक्यं खरी आहेत. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्याची किंमत माणसं जिवाने मोजतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

आधी कायदा नेमका काय होता ते पाहू. स्कॉटिश संसदेने तो २०१२ साली मंजूर केला. स्कॉच व्हिस्की असोसिएशन कोर्टात गेली, प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत जाऊन आलं आणि नोव्हेंबर २०१७मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायदा वैध ठरवला. १ मे २०१८पासून तो लागू झाला. तिथे दारू ‘युनिट’मध्ये मोजतात, एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. एका युनिटला किमान ५० पेन्स (म्हणजे अर्धा पौंड), त्याखाली विकायचं नाही, एवढाच नियम.

आता हा नियम कुठे बसला ते बघा. साडेसात टक्के अल्कोहोलच्या स्वस्त सायडरची (सफरचंदाच्या दारूची) तीन लिटरची बाटली तिथे चार-पाच पौंडांत मिळायची. तिच्यात साडेबावीस युनिट्स असतात. कायद्यानंतर ती सव्वाअकरा पौंडांखाली विकता येईना. पबमधल्या चार टक्क्यांच्या बिअरच्या पाइंटला (सुमारे ५६८ मिलिलिटरला) हाच हिशेब लावला तर किमान किंमत सव्वा पौंडाच्याही आत येते, आणि पबमध्ये तो पाइंट त्याच्या कितीतरी पट भावाने विकला जात होता. म्हणजे पबवाल्याला काही फरक पडला नाही. ज्या बाटलीत सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त अल्कोहोल मिळत होतं, नेमक्या त्याच बाटलीवर घाव बसला. सरसकट दारू महाग करण्याचा हा कायदा नव्हता. हे लक्षात घेतलं की फिरत्या मजकुरातला निम्मा गोंधळ निवळतो.

‘मृत्यू वाढले.’ वाढले, यात वाद नाही. निव्वळ दारूमुळे झालेले मृत्यू स्कॉटलंडमध्ये २०१७ साली १,१२० होते, २०२३ साली १,२७७ झाले. मजकूर हे दोनच आकडे देतो. मधलं २०१९ साल तो गाळतो, जेव्हा कायद्याला पहिलं पूर्ण वर्ष झालं होतं आणि आकडा १,०२० वर आला होता. त्यानंतर करोना आला. पब बंद, माणसं घरात, उपचार विस्कळीत. जे बेताने पीत होते त्यांच्यातल्या अनेकांनी कमी केली, जे आधीच जास्त पीत होते त्यांच्यातल्या अनेकांनी वाढवली, आणि हे साऱ्या ब्रिटनभर झालं. संपूर्ण ब्रिटनचा आकडा २०१७ साली ७,६९७ होता, तो २०२३ साली १०,४७३ झाला. वाढ ३६ टक्के. याच काळात स्कॉटलंडची वाढ १४ टक्के.

मृत्यू वाढले का, एवढंच विचारून भागत नाही. कायदा नसता तर किती झाले असते, हे विचारावं लागतं. कायदा नसलेलं इंग्लंड शेजारीच होतं, त्यामुळे तुलना करता आली. पब्लिक हेल्थ स्कॉटलंड आणि ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी ती करून मार्च २०२३मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. कायद्यानंतरच्या ३२ महिन्यांत निव्वळ दारूने होणारे मृत्यू, कायदा नसता तर जितके झाले असते त्यापेक्षा, अंदाजे १३.४ टक्क्यांनी कमी झाले होते. वर्षाला साधारण १५६ माणसं.

हा अंदाज आहे, मोजून काढलेली संख्या नाही, आणि तो तसाच सांगितला पाहिजे. त्याच अभ्यासात रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची घट ४.१ टक्के दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणता येईल इतकी पक्की नव्हती. आपत्कालीन विभागांतली गर्दी आणि गुन्हे यांवर ठळक परिणाम दिसला नाही. कायद्याच्या बाजूने बोलणारेही कधी कधी या गोष्टी गाळतात. गाळू नयेत. घट दिसली ती मुख्यतः यकृताच्या आजारासारख्या, वर्षानुवर्षांच्या पिण्यातून येणाऱ्या मृत्यूंत. शनिवारी रात्री झिंगून होणाऱ्या मारामारीवर या उपायाचा फारसा जोर चालत नाही.

वेल्सचंही नाव काही जण घेतात. तिथे किमान किंमत २ मार्च २०२०ला आली आणि तीन आठवड्यांत टाळेबंदी लागली. तिथल्या आकड्यांवरून यश किंवा अपयश ठरवणं फार अवघड आहे.

आणखी एक गोष्ट: ५० पेन्सचा दर सहा वर्षं तसाच राहिला. मधल्या काळात ब्रिटनमध्ये महागाई भडकली, म्हणजे किमतीचा तो अडसर दरवर्षी बुटका होत गेला. एप्रिल २०२४मध्ये स्कॉटिश संसदेने कायदा चालू ठेवायचं आणि दर ६५ पेन्स करायचं ठरवलं. नवा दर ३० सप्टेंबरपासून लागला. २०२४चे मृत्यू १,१८५ होते, २०१९नंतरचे सर्वांत कमी. नवा दर त्या वर्षातले शेवटचे तीनच महिने होता, त्यामुळे या घटीचं श्रेय त्याला देणं बरोबर नाही.

‘अट्टल पिणारा थांबत नाही.’ हा मुद्दा मजकुरातला सर्वांत खरा आहे. शेफील्ड विद्यापीठाच्या नेतृत्वाखालच्या अभ्यासात, दारूवर शारीरिकदृष्ट्या अवलंबून असलेल्या लोकांचं पिणं घटल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. त्यांच्यातल्या काहींनी दारूचे वाढीव पैसे उभे करायला खाण्यात काटकसर केली. दुसऱ्या एका पाहणीत सर्वांत जास्त पिणाऱ्या पाच टक्के पुरुषांचं पिणं कमी झालेलं दिसलं नाही.

पण दारूचा प्रश्न या माणसांपाशी सुरू होत नाही, इथे तो शेवटाला येतो. सकाळी हात थरथरतो म्हणून क्वार्टर लावणाऱ्या माणसाच्या मागे, अजून त्या टप्प्यावर न पोचलेले कितीतरी जण रांगेत असतात. नोकरी चालू, संसार चालू, आणि रोजची मात्रा हळूहळू वाढते आहे. यकृत बिघडतं ते याच वर्षांत. किमतीचा परिणाम होतो तो यांच्यावर. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१९ साली आलेल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या अभ्यासात, कायद्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत दुकानांतून होणारी दारूखरेदी ७.६ टक्क्यांनी घटली होती, आणि सर्वाधिक घट जास्त दारू विकत घेणाऱ्या घरांत होती. बेताने पिणाऱ्यांच्या खरेदीत जेमतेम फरक पडला.

जो पुरता अडकला आहे त्याला उपचार लागतात. दारू एकदम तुटली तर अशा माणसाला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून ज्या सरकारने किंमत वाढवली त्याने व्यसनमुक्तीच्या खाटा आणि समुपदेशकही वाढवले पाहिजेत. पुण्यात १९८६पासून चालू असलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती संस्था जे काम करतात ते दरपत्रकातून होणार नाही. पण ‘किमतीने व्यसनी माणूस बरा होत नाही, म्हणून किंमत निरुपयोगी’ हा तर्क लसीने आजारी माणूस बरा होत नाही म्हणून लस नको म्हणण्यासारखा आहे.

‘गरीब भरडला गेला.’ जास्तीचे पैसे गरिबाच्या खिशातून अधिक गेले, कारण स्वस्त दारू तोच जास्त घेतो. पण स्कॉटलंडच्या सर्वांत वंचित वस्त्यांत दारूने मरण्याचं प्रमाण सर्वांत सुस्थितीतल्या वस्त्यांच्या चौपटीहून जास्त आहे, आणि ‘लॅन्सेट’मधल्या अभ्यासात मृत्यूंतली घटही वंचित भागांतच सर्वाधिक दिसली. गरिबाचा कैवार घ्यायचा तर त्याच्या पैशांबरोबर त्याचं आयुष्यही हिशेबात धरा. दारू स्वस्त राहिली म्हणून कुठल्या गरीब घराचं भलं झालं? नवऱ्याच्या पिण्यापायी बायकांनी दुकानं बंद करायला मोर्चे काढले, उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान मागितलं. दारू स्वस्त करा अशी मागणी त्यांच्या तोंडून मी तरी कधी ऐकली नाही.

‘सरकारने तिजोरी भरली.’ स्कॉटलंडपुरतं हे साफ चूक आहे. किमान किंमत हा कर नाही. वाढीव पैसा विक्रेत्याकडे आणि उत्पादकाकडे जातो. त्या कायद्यातली ही खरी उणीव आहे आणि तो पैसा आरोग्यासाठी वळवावा, अशी मागणी तिथे होत आली आहे. हा आरोप शोभतो तो आपल्याकडे. जून २०२५चा निर्णय जाहीर झाला तोच वर्षाला सुमारे १४ हजार कोटींच्या वाढीव महसुलाच्या भाषेत.

आता विषारी दारूचा मुद्दा. स्कॉटलंडमध्ये लोक मोठ्या संख्येने ड्रग्जकडे किंवा बनावट दारूकडे वळल्याचा पुरावा मिळाला नाही. सीमेपलीकडे इंग्लंडमध्ये जाऊन खरेदी करणारेही थोडेच निघाले. पण हा दिलासा जसाच्या तसा महाराष्ट्रात आणता येत नाही. तिथे हातभट्टी नाही. आपल्याकडे आहे, आणि तिचा भाव कुठल्याच सरकारी तक्त्यात नसतो. मुंबईत मालवणीला जून २०१५मध्ये शंभरहून जास्त माणसं मेली ती मिथेनॉलने, म्हणजे औद्योगिक वापराच्या विषारी अल्कोहोलने, आणि मेलेले बहुतेक हातावर पोट असणारे होते. शिवाय गोव्यात दारू स्वस्त. सिंधुदुर्ग-कोल्हापूरच्या रस्त्यांवर राज्य उत्पादन शुल्क विभाग गोवा बनावटीच्या दारूच्या गाड्या सतत पकडतो, यावरून किमतीतली दरी किती ओढ लावते ते कळतं.

म्हणून इथे मी मजकूर लिहिणाऱ्याशी अर्धा सहमत आहे. हातभट्ट्यांवर आणि मिथेनॉलच्या वाहतुकीवर पकड नसेल, तर देशीची किंमत एकदम चढवणं धोक्याचं आहे. पण यातून किंमत नको असा अर्थ निघत नाही. किंमत पायरीपायरीने वाढवा, शेजारच्या राज्यांशी बोला, आणि मिथेनॉलचं पिंप कारखान्यातून निघाल्यापासून शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत कुठे गेलं याचा हिशेब ठेवा, असा निघतो. मालवणीत लोक मेले ते दारू महाग केली म्हणून नव्हे. औद्योगिक वापराचं विष पिण्याच्या दारूत आलं आणि कुणी ते अडवलं नाही म्हणून.

राहता राहिला प्रश्न आपल्या किमान किमतींचा, कारण २०२५च्या निर्णयात त्याही होत्या. १८० मिलिलिटरच्या बाटलीला देशी ८० रुपये, महाराष्ट्र मेड लिकर (राज्यातल्या उत्पादकांच्या धान्यापासूनच्या दारूचा नवा वर्ग) १४८, भारतीय बनावटीची विदेशी २०५, प्रीमियम विदेशी ३६०. नाव तेच, ‘किमान किंमत’. तत्त्व मात्र स्कॉटलंडच्या उलट आहे. तिथे बाटलीत अल्कोहोल किती यावर किंमत ठरते, मग लेबल कुठलंही असो. इथे बाटली कुठल्या वर्गातली यावर ठरते. त्यामुळे व्हिस्की परवडेना झालेल्या माणसाला देशीकडे किंवा महाराष्ट्र मेडकडे सरकण्याची वाट नियमानेच मोकळी ठेवली आहे, आणि तेवढंच अल्कोहोल त्याला कमी पैशांत मिळतं. उद्या या तक्त्याने दारू कमी झाली नाही, तर ‘बघा, किमान किंमत आपल्याकडेही फसली’ असा नवा मजकूर येईल. तो येण्याआधी उत्पादन शुल्क विभागाने एवढं करावं: प्रत्येक वर्गाच्या किमतीपुढे त्या बाटलीतल्या दर १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला किती रुपये पडतात, हा एक रकाना छापावा, आणि पुढची वाढ त्या रकान्यातल्या सर्वांत खालच्या आकड्यापासून सुरू करावी.