‘लेयर म्हणजे नवशिक्यांचं लोढणं’? अजिबात नाही

इंदूरच्या फोटोवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: लेयर (फोटोवर रचलेले पारदर्शक थर), मास्क (थराचा हवा तेवढाच भाग दाखवणारं झाकण) हे नवशिक्यांचं लोढणं आहे, ज्याचा हात बसलाय तो थेट मूळ फोटोवर काम करतो, अन्डू आहे, मूळ कॉपी आहे, लेयरने फाइल जड होते आणि गिऱ्हाइकाला शेवटी जेपेगच द्यायची असते. शिकाऊ मुलं हे खरं धरून चालली आहेत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी अन्डू. फोटोशॉपची हिस्टरी, म्हणजे मागे घेता येणाऱ्या कामांची यादी, मुळात ५० पायऱ्यांची असते आणि डाग बुजवणाऱ्या हीलिंग ब्रशचा एकेक फटकारा ही एकेक पायरी. आकडा वाढवता येतो, पण फाइल बंद केली की सगळी हिस्टरी जाते. गिऱ्हाईक तर चार दिवसांनी येतं. आमच्याकडे रामबागेतल्या एका घरातला जुना फोटो दुरुस्तीला आला होता. नऊवारीतल्या आजी, गालावरून गेलेली भेग, सगळीकडे बुरशीचे ठिपके. पहिलं प्रूफ बघताच काकू म्हणाल्या, ‘‘अहो, हनुवटीवरचा ठिपका का काढलात? ते आईंचं गोंदण होतं!’’ डाग कोणता आणि गोंदण कोणतं, हे घरच्या माणसाशिवाय कोण सांगणार? सगळं हीलिंग वेगळ्या रिकाम्या लेयरवर होतं, सॅम्पल ‘करंट अँड बिलो’वर ठेवून, म्हणजे ब्रश खालच्या फोटोतून नमुना उचलतो, पण काम वरच्या लेयरवरच करतो. तेवढ्याच जागी इरेजर फिरवला आणि खालचं गोंदण जसंच्या तसं दिसू लागलं. गालाच्या भेगेवरच्या कामाला धक्काही लागला नाही.

‘मूळ कॉपी आहे ना’ याचंही उत्तर यातच आलं. कॉपी तुम्हाला थेट सुरुवातीला नेऊन सोडते. हनुवटीसाठी गालाची भेग पुन्हा कोण भरणार?

फाइल जड होते, हे अर्धं खरं आहे. ६००० बाय ४००० पिक्सेलच्या ८ बिट फोटोचा पूर्ण डुप्लिकेट लेयर म्हणजे कॉम्प्रेशनआधी सुमारे ७२ एमबी. असे डुप्लिकेट रचत गेलात तर मशीन रडणारच. पण उजेड-रंग कमीजास्त करणाऱ्या कर्व्हजचा ॲडजस्टमेंट लेयर फोटोचे पिक्सेल साठवतच नाही, फक्त सेटिंग साठवतो. दोष लेयरचा नाही, ऊठसूट डुप्लिकेट काढण्याच्या सवयीचा आहे.

आता जेपेगचा मुद्दा, सगळ्यात पटणारा आणि सगळ्यात चुकीचा. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. थेट फोटोवर उजेड निम्मा केला की त्या १२८ मध्ये दाबल्या जातात. मग ‘फार डार्क झालं, परत उजळ करा’ असा फोन येतो. दुप्पट केलं तरी पायऱ्या १२८च राहतात, मधल्या परत येत नाहीत. राजवाड्यामागचं संध्याकाळचं आकाश घ्या: असे दोनतीन फेरे झाले की जिथे रंग अलगद उतरायचा तिथे पट्टे दिसतात, आणि ते त्याच जेपेगमध्ये, छापलेल्या अल्बममध्येही दिसतात. ॲडजस्टमेंट लेयर असेल तर तोच कर्व्ह उघडून सरळ करायचा, खालचे पिक्सेल शाबूत. मात्र एक कर्व्ह चुकला म्हणून त्यावर उलटा दुसरा चढवू नका. ८ बिटमध्ये तिथेही पायऱ्या गळतात. जुनाच बदला.

राहिला ‘बसलेल्या हाताचा’ मुद्दा. फोटोशॉपमध्ये लेयर १९९४ मध्ये आले, ॲडजस्टमेंट लेयर १९९६ मध्ये. ज्यांचा हात बसलेला आहे, त्यांनीच हे इतकी वर्षं वापरलंय. महागडं सॉफ्टवेअर नाही ही सबबही आता उरली नाही: मार्च २०२५ मध्ये आलेल्या, फुकट मिळणाऱ्या गिंप ३.० मध्ये फिल्टरसुद्धा लावल्यावर पुन्हा उघडून बदलता येतात.

पासपोर्टचे आठ फोटो दहा मिनिटांत हवे असतील, तर लेयरचा हट्ट मीही धरत नाही. लग्नाचा अल्बम किंवा कुणाच्या आजीचा एकुलता एक फोटो असेल, तर पीएसडी (लेयरसकट फोटोशॉपची फाइल) जपून ठेवा आणि फ्लॅटन, म्हणजे सगळे लेयर एकात मिसळणं, फक्त जेपेगच्या कॉपीत करा.