कातळ पाणी गाळत नाही

“शेकडो फूट कातळातून गाळून आलेलं बोअरचं पाणी म्हणजे निसर्गाने फिल्टर केलेलं पाणी. शेतातलं खत-औषध तिथवर पोचूच शकत नाही.” अशी सुरुवात असलेला एक लांबलचक संदेश सध्या सगळीकडे फिरतोय. पुढे सल्ल्यांची रांग आहे: पाणी स्वच्छ दिसत असेल तर तपासू नका, शंका वाटलीच तर उकळा, बोअर खोल मारा, शेणखत कितीही टाका, आणि शेतातलं वाहतं पाणी थेट बोअरमध्ये सोडून भूजल वाढवा. फिरत फिरत हा संदेश आमच्या नात्यातल्या एका बाळंतिणीपर्यंत पोचला. बाळ दोन महिन्यांचं, वरच्या दुधावर. “मग हेच पाणी उकळून पावडर कालवायला हरकत नाही ना?” असं तिने विचारलं. हरकत आहे, आणि मोठी आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

“उकळलं की सगळं निघून जातं, बाळालाही चालतं.”

उकळल्याने जंतू मरतात, तेवढंच खरं. शेतातून भूजलात उतरणारा सर्वांत मोठा घटक म्हणजे नायट्रेट. ते पाण्यात विरघळलेलं असतं आणि वाफेबरोबर उडून जात नाही. पाणी आटतं, नायट्रेट मागे राहतं. लिटरमागे 60 मिलिग्रॅम नायट्रेट असलेलं 10 लिटर पाणी आटवून 8 लिटर केलं की तेच प्रमाण 75 होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 50 आहे. म्हणजे काळजी घेते आहे असं समजून आई बाळाला जास्त तीव्र पाणी पाजते.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात आम्ल कमी असतं, त्यामुळे तिथल्या जिवाणूंना नायट्रेटचं नायट्राइट करायला मोकळं रान मिळतं. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं आणि ते प्राणवायू वाहून नेईनासं होतं. मोठ्या माणसाच्या शरीरात हा बदल उलटवणारं विकर (एन्झाइम) पुरेसं असतं, तान्ह्या बाळात ते कमी असतं. ओठ, नखं, तोंडाभोवतीची कातडी राखाडी-निळी पडते, रक्त चॉकलेटी दिसतं. असं काही दिसलं तर घरी वाट बघत बसू नका, तडक दवाखाना गाठा आणि बाळाला कुठलं पाणी दिलं ते डॉक्टरांना सांगा. हा शोध आजचा नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटमुळे निळी पडलेली बाळं 1945 साली नोंदवली होती.

पाण्यात नायट्रेट जास्त निघालं, तर पावडरचं दूध दुसऱ्या, तपासलेल्या पाण्यात कालवा. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध मात्र थांबवू नका; आईच्या दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही. कँडल फिल्टर, यूव्ही, तुरटी, क्लोरीन यांपैकी कशानेही नायट्रेट जात नाही. आरओ, आयन-एक्स्चेंज (नायट्रेट पकडून त्याजागी दुसरा क्षार सोडणारं रेझिन) किंवा ऊर्ध्वपातन (पाण्याची वाफ करून ती पुन्हा थंड करणं) यांनीच ते कमी होतं. आरओ बसवला असेल तर त्यातून बाहेर येणारं पाणीही तपासा, कारण पडदा खराब झाला की चव न बदलता नायट्रेट पलीकडे जातं.

“कातळ हाच निसर्गाचा फिल्टर.”

यात अर्धं सत्य आहे, पण ते कातळाचं नाही, मातीचं आहे. दीड-दोन मीटर चांगली, हवेशीर माती असेल तर ती बरंच काम करते. जंतू तिच्या कणांना चिकटतात आणि मरतात, अमोनियम चिकणमातीला धरून राहतं, बरीचशी कीटकनाशकं तिथे अडकतात आणि तुटतात. नायट्रेटला मात्र ऋण भार असल्याने माती त्याला धरत नाही. पिकाच्या मुळांनी उचललं तर उचललं, नाहीतर ते पाण्याबरोबर खाली जातं.

मातीखाली भेगाळलेला कातळ लागला की गाळण्याचं काम जवळपास संपतं. बेसॉल्ट असो, ग्रॅनाइट असो की चुनखडक, पाणी दगडाच्या अंगातून नव्हे तर फटींतून धावतं. फट दुप्पट रुंद झाली की तेवढ्याच उतारावर तिच्यातून आठपट पाणी जातं. जिवाणू एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. अर्ध्या मिलिमीटरची फट त्याच्या शेकडो पट मोठी. वाळूच्या थरात भूजल साधारणपणे दिवसाला काही सेंटिमीटर ते मीटरभर सरकतं. जोडलेल्या फटींत तेच पाणी दिवसाला शेकडो मीटर जाऊ शकतं, म्हणजे वाटेत जंतू मरायला वेळच मिळत नाही.

याचा सगळ्यांत कडू पुरावा कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातलं वॉकर्टन हे गाव. वस्ती जेमतेम पाच हजार. तिथली 5 क्रमांकाची विहीर म्हणजे 15 मीटर खोल बोअर, केसिंग (बोअरच्या भिंतीला लावलेला बाहेरचा पाइप) फक्त 5 मीटरपर्यंत, वर मातीचा थर पातळ, आणि पाणी येत होतं साडेपाच ते साडेसात मीटरवरच्या भेगाळ खडकातून. जवळच्या शेतात एप्रिल 2000 च्या अखेरीस शेणखत टाकलं गेलं. मे महिन्यात पाच दिवसांत 134 मिलिमीटर पाऊस झाला, त्यातला सर्वांत जोरदार 12 मे रोजी. खतातले ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर जंतू नळांत उतरले. सात माणसं गेली, 2,300 हून अधिक आजारी पडली.

पुरेसं क्लोरीन टाकलं असतं तर हे टळलं असतं, हा आक्षेप बरोबर आहे. क्लोरीन कमी टाकलं जात होतं आणि नोंदी खोट्या होत्या, हे न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी अहवालात स्पष्ट आहे. पण क्लोरीन ही शेवटची फळी असते. जंतू तिच्यापर्यंत पोचले कसे, याचं उत्तर कातळाच्या फटींत आहे. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, ती प्रत्येक शेतकऱ्याने लक्षात ठेवावी: त्या शेतमालकाने खत टाकण्याच्या शिफारशी पाळल्या होत्या आणि आयोगाने त्याला दोष दिला नाही. म्हणजे खोल मातीच्या रानासाठी बेतलेले नियम पातळ मातीच्या कातळावर अपुरे पडतात. घटनेनंतर शोधक द्रव्य (पाण्याची वाट आणि वेग कळावा म्हणून मिसळलेला पदार्थ) सोडून चाचण्या घेतल्या, तेव्हा पाणी आधीच्या गणितापेक्षा कित्येक पटींनी वेगाने येत असल्याचं दिसलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने तर 2018 पासून आपल्या भेगाळ डोलोमाइटच्या (चुनखडकासारख्या खडकाच्या) पट्ट्यात, जिथे कातळावर दोन फूट किंवा त्याहून कमी माती आहे, तिथे यंत्राने शेणखत पसरायला बंदीच घातली.

“बोअर खोल असेल तर चिंता नाही.”

खोलीपेक्षा केसिंग महत्त्वाचं. उघड्या बोअरला वरच्या फटीही मिळतात आणि खालच्याही. पंप चालू झाला की पातळी खाली जाते, आणि वरच्या, घाण पाण्याच्या फटी बोअरमध्ये धारेने रिकाम्या होतात. शांत वेळी बोअरच्या तोंडाला कान लावून पाणी पडल्याचा आवाज आला, तर ते वरच्या फटीचं पाणी असण्याची शक्यता मोठी. शिवाय केसिंग बहुतेक वेळा मुरूम संपेपर्यंत सोडतात, कातळावर नुसतं टेकवतात आणि बाहेरची पोकळी ड्रिलिंगच्या चुऱ्याने भरतात. गोठ्यातलं पाणी त्या पोकळीतूनच खाली जातं.

केसिंग भेगाळ थर ओलांडून निकोप, म्हणजे भेगा नसलेल्या, कातळात काही मीटर बसलं पाहिजे. भोक केसिंगपेक्षा चहूबाजूंनी निदान 5 सेंटिमीटर मोठं हवं. पोकळीत सिमेंटचा घोळ भरायचा, 50 किलोच्या गोणीला साधारण 25 लिटर पाणी, आणि तो बारीक पाइपने तळापासून वर भरत यायचा. वरून ओतला तर मध्ये हवेचे कप्पे राहतात आणि वरून सगळं भरल्यासारखं दिसतं. घोळ घट्ट होईपर्यंत, निदान एक दिवस, पुढचं ड्रिलिंग नको. केसिंगचं तोंड जमिनीपासून फूटभर वर, झाकण घट्ट, भोवतीचा ओटा बाहेरच्या बाजूला उतरता.

“शेतातलं पाणी वाया घालवू नका, थेट बोअरमध्ये सोडा.”

संदेशातला हा सल्ला सगळ्यांत घातक, कारण लोक तो चांगल्या हेतूने अमलात आणतात. कृतीही दिली आहे: बोअरभोवती दोन मीटर खड्डा खणा, केसिंगला भोकं पाडा, खड्ड्यात दगड-वाळू भरा आणि चर काढून शेताचं पाणी तिथे आणा. पातळी वाढते, हे नाकारत नाही. पण वर जे काम माती करते म्हटलं, ते या खड्ड्याने पूर्ण वगळलं जातं. पहिल्या पावसाच्या लोंढ्यात शेण, युरिया, तणनाशक आणि गाळ असतो. दगड-वाळूचा थर गाळाचा जाड भाग अडवतो. विरघळलेलं नायट्रेट आणि औषध तो अजिबात अडवत नाही, आणि घाईने जाणाऱ्या पाण्यातले जंतूही बहुतेक निसटतात. जो गाळ निसटतो तो फटींत बसतो आणि बोअरचं पाणीच कमी होतं. बुजलेल्या फटी पुन्हा मोकळ्या करणं फार अवघड असतं. आणि फटी एकमेकींना जोडलेल्या असल्याने एकाने सोडलेलं पाणी शेजाऱ्याच्या बोअरमधून निघतं. नुकसान सोसणाऱ्याला कारण कळतही नाही.

शेतातलं पाणी मातीतूनच जिरवा: बांध, समतल चर, पाझर तळं, आणि तेही पिण्याच्या बोअरपासून लांब. जिथे कातळ उघडा पडला आहे, जुनी खाण आहे किंवा जमीन खचली आहे, तिथे खत-फवारणी नको. भोवती गवताचा रुंद पट्टा ठेवा. बोअरमध्ये सोडायचंच असेल तर पहिला पाऊस वगळून छताचं पाणी, नीट गाळून, आणि पिण्याच्या बोअरमध्ये तेही नको.

ज्यांनी भोकं पाडून झाली आहेत, त्यांनी आधी चर बुजवून पाण्याची दिशा बदलावी. मग पंप वर काढून आत लहान व्यासाचा अखंड पाइप सोडायचा, त्याच्या तळाशी रबरी पॅकर (पाइप आणि भोक यांमधली फट बंद करणारं कडं) निकोप कातळात बसवायचा आणि मधली पोकळी सिमेंटच्या घोळाने भरायची. पाइप घेण्याआधी पंप त्यात मावतो ना, ते मोजून घ्या. त्यानंतर निर्जंतुकीकरण. साडेसहा इंची बोअरमध्ये मीटरमागे साधारण 21 लिटर पाणी असतं. पाण्याचा स्तंभ 50 मीटर असेल तर हजार-अकराशे लिटर. लिटरमागे 100 मिलिग्रॅम क्लोरीनसाठी 33 टक्क्यांची ताजी ब्लिचिंग पावडर सव्वातीनशे ग्रॅम लागते. ती बादलीत कालवून निवू द्या, वरची निवळीच ओता; चुन्याचा गाळ बोअरमध्ये गेला तर तोही फटी बुजवतो. 12 ते 24 तास ठेवून, वास जाईपर्यंत उपसा. वापरात नसलेली बोअर नुसती झाकून ठेवू नका, तळापासून भरून बंद करा. उघडी बोअर म्हणजे भूजलात जायचा सरळ रस्ता.

संदेशात नसलेला, पण याच प्रकारचा एक धोका: ठिबकमधून खत देताना वीज गेली की पाइपमधलं पाणी बोअरकडे मागे पडतं आणि टाकीतलं खत ओढून नेतं. खत सोडण्याच्या जागेच्या आधी, बोअरच्या बाजूला, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारी झडप) आणि हवा आत घेणारा व्हॉल्व्ह, दोन्ही हवेत. फवारणीची टाकी भरताना नळीचं तोंड पाण्यात बुडवू नका. नळीच्या व्यासाच्या दुप्पट तरी अंतर वर ठेवा.

“शेणखत नैसर्गिक, त्याने प्रदूषण होत नाही.”

वॉकर्टनला शेणखतच होतं. आणि नत्र कुठूनही आलं तरी शेवटी नायट्रेटच होतं. हिशेब करून बघा: हेक्टरी 200 मिलिमीटर पाणी खाली जिरलं म्हणजे 20 लाख लिटर. त्याबरोबर फक्त 20 किलो नत्र गेलं तरी त्या पाण्यात लिटरमागे 44 मिलिग्रॅम नायट्रेट होतं. 20 किलो नत्र म्हणजे सुमारे 43 किलो युरिया, किंवा अर्धा टक्का नत्राचं चार टन शेणखत. नीट कुजलेलं खत नत्र हळू सोडतं, एवढं त्याच्या बाजूने मान्य. पण ढिगाचं तापमान 55 अंशांवर टिकलं नाही, आणि ढीग वेळोवेळी उलटून कडेचा भाग मध्ये आणला नाही, तर जंतू उरतात. पीक नसलेल्या रानात, पातळ मातीवर किंवा जोरदार पावसाच्या तोंडावर कुठलंही खत टाकू नका.

“एका पावसात सगळं धुऊन जातं” हेही चूक. सच्छिद्र खडकात नायट्रेट फटींच्या भिंतींमधून आत मुरतं आणि वर्षानुवर्षं पुन्हा बाहेर झिरपत राहतं. इंग्लंडच्या खडूच्या खडकात ते वर्षाला जेमतेम मीटरभर खाली सरकतं, त्यामुळे जुन्या खताचं नायट्रेट अजून उतरतंच आहे.

राहिला “स्वच्छ दिसतं, गोड लागतं, तपासू नका” हा मुद्दा. नायट्रेटला रंग, वास नसतो आणि या प्रमाणात चवही कळत नाही. तपासणी वर्षातून दोनदा करा, त्यातली एक पहिल्या जोरदार पावसानंतर काही दिवसांतच. उन्हाळ्यातला नमुना सगळं छान दाखवतो आणि फसवतो. पंप पाच-दहा मिनिटं चालवा, जंतूंसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली वापरा, बर्फात ठेवून 24 तासांत पोचवा. नायट्रेटचा नमुना वेगळा, तोही थंड, 48 तासांच्या आत. अहवाल हातात आला की आधी एकक बघा. “नायट्रेट” असेल तर मर्यादा 50. “नायट्रेट-नायट्रोजन” लिहिलं असेल तर आकड्याला 4.43 ने गुणा. तिथे छापलेला 12 हा निरुपद्रवी वाटणारा आकडा प्रत्यक्षात 53 असतो.