भाचीचा लॅपटॉप आणि माझं मत (जरा लांबलंय, पण वाचा)

भाची यंदा गोव्यात फर्मागुडीला इंजिनिअरिंगला लागली, कॉम्प्युटर ब्रांच. वाळपईहून रोज बसने जा-ये. चवथीच्या आधी तिला लॅपटॉप घ्यायचाय आणि आठ दिवस झाले घरच्या ग्रुपवर नुसत्या लिंका पडतायत, सगळ्यांचं एकच, पॉवरफुल घे गो, चार वर्षं चालला पाहिजे, ग्राफिक्स कार्डवालाच (म्हणजे गेम, थ्रीडीसाठी वेगळी चिप असलेला) घे. मला हे अजिबात पटत नाहीये आणि का पटत नाही ते नीट लिहिते, कारण मी हेच ऐकून एकदा पैसे घालवलेत.

2021 मध्ये मी गेमिंगवाला घेतला. माझं काम काय तर भाषांतरं, एक्सेल आणि मधूनमधून पोस्टर. दुकानदार म्हणाला बाई उद्या गरज लागली तर? घेतला. लॅपटॉप सव्वादोन किलोच्या वर आणि त्याचा चार्जर म्हणजे वीटच, तो अर्ध्या किलोहून जास्त. डिचोली ते पणजी बसमध्ये बहुतेक वेळा उभ्यानेच जायचं, एका खांद्यावर हे सगळं, वर डबा, पाण्याची बाटली, पावसात छत्री. सहा महिन्यांत डावा खांदा धरला तो आजही अधूनमधून दुखतो. आणि जूनमधला तो दिवस तर मी विसरूच शकत नाही, पहिलाच मोठा पाऊस, तारेवर फांदी पडून दुपारी लाईट गेली, संध्याकाळपर्यंत फाईल द्यायची होती आणि बॅटरी दीड तासात संपली. लाईट रात्री आली. काम हातचं गेलं, त्या माणसाने परत कधी फोन केला नाही.

तेव्हापासून मी कुठलाही लॅपटॉप बघताना आधी बॅटरी किती वॉट-अवरची, म्हणजे तिच्यात वीज किती मावते, ते बघते. हिशोब सोपा आहे. 50 वॉट-अवरची बॅटरी आणि मशीन सरासरी 7-8 वॉट खातंय तर साडेसहा-सात तास, तेच 25 वॉट खातंय तर दोन तास. म्हणजे नुसती मोठी बॅटरी असून भागत नाही, मशीन खातं किती हे बघायला हवं. 2020 च्या नोव्हेंबरात आलेल्या ॲपलच्या एम-वन मॅकबुक एअरची बॅटरी 49.9 वॉट-अवरचीच होती, वजन 1.29 किलो, आत पंखासुद्धा नाही, आणि कंपनी व्हिडिओ बघायला 18 तास सांगत होती. कंपनीचा आकडा असतो, खऱ्या कामात कमीच मिळतं, पण फरक कुठून येतो ते कळतं. इंटेलच्या प्रोसेसरवर नुसतं आय-फाइव्ह लिहिलंय ते बघून काही कळत नाही, नंबरच्या शेवटचं अक्षर बघा. 12व्या-13व्या जनरेशनमध्ये शेवटी यू असेल तर बेस पॉवर (नेहमीच्या कामाला धरलेली वीज) बहुतेक वेळा 15 वॉट, एच असेल तर 45. स्टिकर दोन्हींवर आय-फाइव्हचाच!

आणि ज्या पॉवरसाठी एवढं वजन उचलायचं ती प्लग काढला की राहतच नाही. बॅटरी तेवढा करंट देऊ शकत नाही म्हणून गेमिंग मशीन बॅटरीवर आपोआप स्लो होतं. मग ते कायम चार्जरला लावून ठेवायचं, गरम होत राहतं, आणि उष्णता आणि कायम फुल्ल चार्ज ह्या दोन्ही गोष्टी लिथियम बॅटरीला वाईट. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तर विचारूच नका. माझ्या त्या मशीनची बॅटरी 48 वॉट-अवरची होती, तीन वर्षांनी बॅटरीचा रिपोर्ट काढला तर 31 वर आलेली. आता जो वापरते त्यात 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सेटिंग आहे, ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवलीय.

परफॉर्मन्स नकोच असं नाही म्हणत. कोणी आर्किटेक्चर करतंय, थ्रीडी करतंय, मोठे व्हिडिओ एडिट करतंय आणि घरी टेबलावर बसूनच करतंय, त्याने खुशाल जड मशीन घ्यावं, त्याची गरज खरी आहे. पण हिला पहिली दोन वर्षं कोडिंग, ब्राउझरचे पंचवीस टॅब आणि असाइनमेंट्स. त्याला ग्राफिक्स कार्ड नको, 16 जीबी रॅम हवी. रॅमचं मी हट्टाने सांगते कारण हलक्या लॅपटॉपमध्ये बरेचदा ती बोर्डालाच सोल्डर केलेली असते, 8 ची घेतली की कायमची 8. ग्राफिक्स कार्डाचे पैसे वाचतील ते रॅममध्ये घाला. आणि चार्जिंग टाइप-सी वर होतं का ते विचारून घ्या, छोटा 65 वॉटचा चार्जर बॅगेत कळतही नाही.

शनिवारी आम्ही दोघी म्हापशाला जातोय. तिला सांगितलंय, रिकामी येऊ नको, कॉलेजची बॅग रोज भरतेस तशी भरून आण, वह्या, डबा, छत्री सगळं. दुकानात प्रत्येक लॅपटॉप चार्जरसकट त्या बॅगेत घालायचा, खांद्यावर घ्यायचा आणि पंधरा मिनिटं उभं राहायचं. किमतीचं मग बोलू.