‘मिरवणं’ या शब्दाबद्दल

दिवाळीत मिठाईच्या डब्याऐवजी अभ्यासाची पुस्तकं द्या, असं मी लिहिलं होतं. त्यावर ‘एक जुना वाचक’ अशी सही करून आपण कळवलंत: “शाळा-कॉलेजातल्या पोरांना संशोधनाचे ग्रंथ देणं म्हणजे स्वतःचं पांडित्य मिरवणं. ते शोकेसमध्ये पडून राहतात. घेणाऱ्याला काय हवं ते आधी विचारा. किमती पाहिल्यात का? आणि ‘युगान्त’ला साहित्य अकादमी पुरस्कार 1967 साली मिळालेला नाही.”

शेवटचं आधी घेतो. चूक माझीच. इरावतीबाई कर्व्यांचं महाभारतावरचं हे पुस्तक 1967 चं, पुरस्कार 1968 चा. दुरुस्ती केली आहे, आभार.

पण ‘मिरवणं’? दोन दिवस हा शब्द डोक्यातून गेला नाही. पुस्तकांची निवड पटली नाही असं म्हणा, मी ऐकून घेईन. ओळखदेख नसताना सरळ माणसाच्या हेतूवरच घसरायचं, ही कुठली रीत? आणि जुने वाचक म्हणवता, तर नाव लिहायला काय हरकत होती?

ऐका. माझे वडील गिरणीत होते. नागपूरच्या महाल भागात दोन खोल्यांचं घर. पंचांग आणि एक पोथी सोडली तर घरात पुस्तक नाही. मी नववीत असताना भाऊबीजेला रामटेकचे मामा आले, प्राथमिक शाळेत मास्तर होते. भावांना फटाके दिले आणि माझ्या हातात इतिहास संशोधक वा. वि. मिराशींचं, विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजांवरचं जुनं पुस्तक ठेवलं. “नाही समजलं तर राहू दे, पण रद्दीत घालू नको,” एवढंच म्हणाले.

नाहीच समजलं. दहाव्या पानावर अडकलो. पुढच्या उन्हाळ्यात कूलरसमोर पडून पुन्हा उघडलं, तेव्हा प्रभावतीगुप्ता भेटली. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक, वाकाटकांची सून, नवरा गेल्यावर लहान मुलाच्या वतीने राज्य चालवणारी. तिचा ऋद्धपूरचा ताम्रपट रामगिरिस्वामींच्या, म्हणजे रामगिरीवरच्या देवाच्या, पायाशी बसून दिलेला आहे. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, आपलं रामटेक, असं मिराशींनी पुराव्यानिशी मांडलं. ज्या गडाच्या पायऱ्या मी कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेत चढत होतो, तोच! मामांची सायकल घेऊन नगरधनला गेलो, कारण वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच म्हणतात. किती तरी वेळ नुसता उभा होतो. आता सांगा, मामा काय मिरवत होते? तालुक्याच्या गावातला मास्तर, पगारातून पैसे बाजूला काढून भाच्याला पुस्तक घेतो, त्याला तुम्ही मिरवणं म्हणता?

तुम्ही नागपूरचेच दिसता, मग दसऱ्याला दीक्षाभूमीवर एकदा तरी गेला असाल. खेड्यापाड्यांतून एसटीने, रेल्वेने आलेली माणसं, डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, आणि परतताना हातात बाबासाहेबांचे ग्रंथ. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ घेतात, ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ घेतात. 1946 च्या त्या ग्रंथात ऋग्वेदापासून महाभारतापर्यंतचे दाखले तपासले आहेत, काही हलकंफुलकं वाचन नाही ते. ज्या बाईला स्वतःला वाचता येत नाही, ती लेकीसाठी घेऊन जाते, हे मी स्टॉलपाशी उभं राहून पाहिलं आहे. त्या बाईला सांगाल तुमचं ते ‘मिरवणं’चं वाक्य? माझी छाती नाही होणार. अभ्यासाचं पुस्तक फक्त अभ्यासकांसाठी, ही समजूत तुम्ही कुठून आणली ते तुम्हालाच ठाऊक.

किमती, शोकेस वगैरे ज्याचा त्याचा प्रश्न आहे, त्यात मी शिरत नाही.

मामांचं ते पुस्तक अजून माझ्याकडे आहे, पुठ्ठा दोनदा बदललेलं. यंदाच्या भाऊबीजेला ते भाचीला देणार आहे, ती अकरावीत आहे. तिला आधी विचारलेलं नाही. मामांनीही मला विचारलं नव्हतं.